जुन्या युरोपीय गाड्यांचे सुटे भाग आणि सोलापूरचे ग्राहक : मोटार कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापन,
भारतात मोटारी विकणाऱ्या सर्व युरोपीय कंपन्या

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार
भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली

विषय : दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचे सुटे भाग, त्यांच्या किमती आणि दुरुस्तीची माहिती याबाबत

महोदय,

सोलापुरातील काही ग्राहकांना गेल्या महिन्यात एका अधिकृत सेवा केंद्राकडून एक पत्रक आले. दहा वर्षांपेक्षा जुन्या मॉडेलचा कोणताही सुटा भाग यापुढे पूर्ण रक्कम आगाऊ भरल्याशिवाय मागवला जाणार नाही, मागवलेला भाग कोणत्याही कारणाने परत घेतला जाणार नाही, तो किती दिवसांत येईल याची हमी दिली जाणार नाही आणि ग्राहकाने बाहेरून आणलेला भाग केंद्रात बसवून मिळणार नाही, असे त्यात म्हटले आहे. एवढ्यावर न थांबता शेवटच्या ओळीत सल्लाही दिला आहे की, जुन्या गाडीवर खर्च करत बसण्यापेक्षा ग्राहकांनी एक्स्चेंज योजनेचा लाभ घ्यावा. त्या पत्रकावरील कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच अनुभव इतर युरोपीय कंपन्यांच्या ग्राहकांनाही येतो आणि एका केंद्राशी वाद घालून हा प्रश्न सुटणारा नाही. म्हणून हे पत्र सर्वांना उद्देशून आणि सर्वांसमोर लिहीत आहे.

माझा संबंध दोन प्रकारचा आहे. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो, आता निवृत्त आहे, आणि माझ्या हाताखाली शिकलेली अनेक मुले आज अक्कलकोट रोड, होटगी रोड, हैदराबाद रोड या भागांत स्वतःची गॅरेज चालवतात. दुसरे असे की, २०११ सालची एक युरोपीय डिझेल सेडान मी पुण्यातून सेकंडहँड घेतली आणि आजही वापरतो. गाडी उत्तम आहे आणि पत्र लिहिण्यामागे तेही एक कारण आहे. गाडी वाईट असती तर ती भंगारात देऊन मी मोकळा झालो असतो.

या गाड्या सोलापुरात कशा येतात हे आपल्या कार्यालयांतील मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. पुण्या-मुंबईतील पहिला मालक पाच-सात वर्षांनी गाडी विकतो, किंमत निम्म्याच्या खाली आलेली असते, आणि मग ती इकडे एखाद्या टॉवेल कारखानदाराकडे, डॉक्टरांकडे किंवा सांगोल्याच्या डाळिंब बागायतदाराकडे येते. हे लोक केवळ मिरवण्यासाठी गाडी घेत नाहीत. पुणे महामार्गावर रात्री-बेरात्री जावे लागते, तेव्हा वेगात न डगमगणारी, जाड पत्र्याची, ब्रेकवर विश्वास टाकता येईल अशी गाडी नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळते, हा त्यांचा साधा हिशेब असतो. या दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाला आपल्या लेखी मात्र ग्राहक म्हणून काही स्थान दिसत नाही. गाडीच्या बॉनेटवर बोधचिन्ह आपलेच असते, पैसे आपल्याच सुट्या भागांसाठी मोजले जातात, तरीही काउंटरवर त्याच्याशी बोलताना सूर असा असतो की हा माणूस चुकून आत आला आहे.

“युरोपीय गाडी म्हटली की खर्च येणारच” असे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. ते मला मान्य नाही, आणि त्याची कारणे याच देशात सापडतात. प्रीमियर पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट ११००. ती कुर्ल्याच्या कारखान्यात परवान्याखाली तयार झाली आणि तिचा कोणताही भाग तालुक्याच्या गावी मिळत असे, कारण तो बनवायला आणि विकायला कोणाची आडकाठी नव्हती. अगदी अलीकडचे उदाहरण फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाचे. ते फियाटच्या लिनिया-पुंटोत होते तसेच मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टातही होते. फियाटने इकडचा गाशा गुंडाळला तरी त्या इंजिनाच्या कामाला अनगरपासून अक्कलकोटपर्यंत कोठेही फिटर मिळतो आणि भागही मिळतात. जन्म युरोपातला, रचना युरोपातली, तरी देखभाल आवाक्यात. तेव्हा खर्च गाडीच्या जन्मस्थानामुळे वाढतो असे म्हणता येत नाही. भाग, भागाचा क्रमांक आणि दुरुस्तीची माहिती कोणाच्या कुलपात आहे यावर तो ठरतो, आणि माझ्या साऱ्या तक्रारी या कुलपाच्याच आहेत.

पहिली तक्रार अशी की, आपण छोटा भाग विकतच नाही, संपूर्ण जोड विकता. याचा सर्वांत मोठा फटका सोलापूरला इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत बसतो, म्हणून ते सविस्तर सांगतो. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो. आपल्या अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटचे घर, पाण्याच्या पंपाचे आवरण आणि पाइप जोडणारे फ्लँज धातूऐवजी प्लास्टिकचे आहेत. वजन कमी व्हावे म्हणून ते केले असेल, त्याबद्दल अभियंत्यांशी माझे भांडण नाही. पण वर्षानुवर्षे तापून आणि निवून ते प्लास्टिक ठिसूळ होते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये अशी एक गाडी नुकतीच पाहिली. इंजिनाच्या बाजूला, हात जेमतेम जाईल अशा जागी, जोडाभोवती वाळलेल्या कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, गुलाबी-पांढरा पापुद्रा जमला होता, आणि नळीची क्लिप सैल करताच फ्लँजची कड त्याच्या बोटांत पापडासारखी मोडून आली. एवढासा तो तुकडा. तो स्वतंत्र मिळत नाही. मिळतो तो थर्मोस्टॅट, घर, सेन्सर आणि पंप असा अख्खा जोड, आणि तोही पत्रकातील अटींवर. त्या जोडातील पंप चांगला होता, सेन्सर चांगला होता, तरी अख्ख्या जोडाचे पैसे भरावे लागले.

यापुढची गोष्ट अधिक वाईट आहे. जोड येईपर्यंत माणसाला गाडी तर लागतेच. मग तो रोज सकाळी टाकीतली पातळी पाहून वरून पाणी ओततो. कंपनीचे पुस्तक डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेले ठरावीक कूलंट सांगते, पण रस्त्यात मिळते ते बोअरचे पाणी, आणि आमच्या भागातील बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात हे ज्याने घरातला गीझर एकदा उघडून पाहिला आहे त्याला सांगायला नको. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर बसतो, एका दुपारी मोहोळच्या पुढे तापमानाचा काटा लाल रेषेवर जातो, इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते, आणि मूठभर प्लास्टिकच्या कामाचे रूपांतर इंजिन खोलण्यात होते. अधिकृत केंद्र मग सांगते की ग्राहकाने साधे पाणी वापरल्यामुळे बिघाड झाला. तांत्रिकदृष्ट्या ते खरेही असते. पण त्याला साधे पाणी वापरायची वेळ कोणी आणली?

हाच प्रकार इतरत्रही आहे. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश झिजले तर संपूर्ण आर्म, काचेच्या यंत्रातली प्लास्टिकची क्लिप तुटली तर मोटारीसह संपूर्ण यंत्र, हेडलाइटचा एक कान मोडला तर काचेसह नवा दिवा. बुश दाबून बसवणे हे आमच्या पोरांचे रोजचे काम आहे, प्रेस प्रत्येकाकडे आहे. फक्त बुश द्या, एवढेच ते म्हणतात.

दुसरी तक्रार किमतीची. मोटार कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही, हे या धंद्यातील प्रत्येकाला माहीत आहे. इंजेक्टर बॉशचे असतात, क्लच शेफलरच्या लुकचा किंवा झेडएफच्या सॅक्सचा असतो, फिल्टर आणि पिस्टन माह्लेचे, दिवे हेलाचे. बॉशचा तर कारखाना आमच्याच राज्यात नाशिकला आहे. सस्पेन्शनचा एखादा भाग पुरवठादाराच्या खोक्यातून काढला तर कित्येकदा असे दिसते की त्यावर पुरवठादाराचे नाव शाबूत आहे, भागाचा क्रमांक शाबूत आहे, आणि मोटार कंपनीचे बोधचिन्ह जेथे होते तेथे ग्राइंडर फिरवून धातू घासून काढला आहे. साचा तोच, कारखाना तोच, धातू तोच. आपल्या खोक्यातून तोच भाग घेतला तर त्याची किंमत बऱ्याच वेळा दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होते. आपल्या खोक्याला, आपल्या तपासणीला आणि हमीला काही मोल आहे, हे मी नाकारत नाही. ते किती असावे याला काही धरबंध असावा आणि दोन खोक्यांपैकी कोणते घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला असावा, एवढेच म्हणणे आहे. तो अधिकार खरा तेव्हाच ठरेल, जेव्हा पुरवठादाराचा भाग सोलापूरच्या दुकानातही सहज मिळेल आणि चेसिस क्रमांकावरून नेमका भाग-क्रमांक कोणालाही पाहता येईल. आज तो क्रमांक विचारायलाही अधिकृत काउंटरवर जावे लागते, आणि “आधी गाडी आणा, तपासणीचे पैसे भरा, मग सांगतो” असे उत्तर मिळते.

येथेच कराचाही मुद्दा सांगून टाकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. हा फरक जुन्या मॉडेलच्या भागांच्या छापील किमतींत उतरला की नाही, हे ताडून पाहायला ग्राहकाकडे जुनी यादी नाही आणि नवीही नाही. दोन्ही याद्या प्रसिद्ध केल्या तर शंका आपोआप मिटेल.

तिसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती पैशांनी सुटत नाही. जुन्या गाडीचा एखादा इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला की स्वस्त मार्ग म्हणजे भंगारात निघालेल्या तशाच गाडीचा चांगला भाग आणून बसवणे. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असे भाग मिळतात आणि त्यात गैर काही नाही, सरकारचे वाहन भंगार धोरणही वापरण्याजोगे भाग पुन्हा वापरात यावेत असेच म्हणते. एका डॉक्टरांच्या गाडीचे मीटर, म्हणजे काटे आणि दिवे असलेला डॅशबोर्डवरचा संच, पावसाचे पाणी आत शिरून बंद पडला. विद्यार्थ्याने त्याच भाग-क्रमांकाचा चालू संच कुर्ल्यातून मागवला. तो जागेवर चपखल बसला, दिवे लागले, आणि किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू होऊन लगेच बंद पडली. कारण चोरीविरोधी यंत्रणेची ओळख त्या संचात साठवलेली असते आणि नव्या संचाची गाडीशी ओळख करून देण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरवर अधिकृत प्रवेश लागतो. अधिकृत केंद्राने ते काम करायला नकार दिला, कारण भाग त्यांच्याकडून घेतलेला नव्हता. फी घ्या, कागद तपासा, मालकाचे आरसी बुक आणि ओळखपत्र पाहा, हे सगळे सांगून झाले. शेवटी चालती होऊ शकणारी गाडी टोइंगवर चढवून अडीचशे किलोमीटरवर पुण्याला न्यावी लागली. तेथे ती कोणी, कोणत्या सॉफ्टवेअरने सुरू केली, हे मी विचारले नाही, आणि आपणही विचारू नये, कारण त्या चोरवाटा आपल्या नकारामुळेच तयार झाल्या आहेत.

चोरी टाळण्यासाठी हे कुलूप हवे, असे आपण म्हणाल. मान्य आहे. मग आपल्याच घरी आपण काय करता ते पाहू. युरोपीय संघात २००७ च्या नियमानुसार युरो-५ आणि युरो-६ गाड्यांच्या दुरुस्तीची व देखभालीची माहिती स्वतंत्र गॅरेजना देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले, आणि १ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या २०१८/८५८ क्रमांकाच्या नियमाने ते बंधन पुढे चालू ठेवले. ठरावीक शुल्क भरून तेथील कोणताही फिटर कंपनीच्या संकेतस्थळावरून वायरिंगचे नकाशे, भागांचे क्रमांक आणि दुरुस्तीच्या पद्धती पाहू शकतो. चोरीविरोधी यंत्रणेसाठीही तेथे सर्मी नावाची मान्यता-व्यवस्था आहे. स्वतंत्र गॅरेजची आणि तेथील कामगाराची पडताळणी होते, त्याला ओळख मिळते, त्याने केव्हा कोणत्या गाडीचे काम केले याची नोंद राहते, आणि मग त्याला किल्ली-इमोबिलायझरचे काम करता येते. म्हणजे सुरक्षितताही राहते आणि गाडीही अडून पडत नाही. व्यवस्था तयार आहे, सॉफ्टवेअर तयार आहे, कंपनी तीच आहे. श्टुटगार्टच्या गल्लीतील फिटरला जे मिळते ते अक्कलकोट रोडवरील फिटरला का मिळू नये, याचे सरळ उत्तर आपण द्यावे. माझ्या मते ते एवढेच आहे की तेथे कायदा आहे आणि येथे अजून नाही.

सोलापूर म्हणजे आडबाजूचे छोटे गाव, तेथे एवढा पसारा परवडत नाही, हे कारणही पुढे येते. त्यावर एक आठवण करून देतो. २०१० मध्ये भारत स्टेज-४ हे प्रदूषण मानक देशात सर्वप्रथम ज्या १३ शहरांत लागू झाले, त्यांत दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूर यांच्या जोडीला सोलापूर होते. उरलेल्या देशाला ते सरसकट लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडले. म्हणजे उच्च दाबाने डिझेल फवारणारी कॉमन रेल यंत्रणा, थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह आणि डझनभर सेन्सर असलेल्या गाड्या विकण्यासाठी आम्ही तेव्हापासून मोठ्या शहरांच्या पंक्तीत होतो. त्याच गाड्या आज दहा-पंधरा वर्षांच्या झाल्यावर आम्ही एकाएकी लहान गाव कसे झालो?

आता कायद्याकडे वळतो, कारण हे सारे आपल्या कानावर प्रथमच येत आहे असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता आणि त्यांत युरोपीय कंपन्याही होत्या. मूळ पुरवठादारांना खुल्या बाजारात भाग विकण्यापासून रोखू नये, सुटे भाग आणि निदान-यंत्रे स्वतंत्र गॅरेजना मिळावीत, भागांच्या किमती जाहीर कराव्यात, आणि गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी नाकारू नये, असा त्या आदेशाचा आशय होता. त्यानंतर अपिले झाली, न्यायालयीन टप्पे आले, आणि तो आपला अधिकारच आहे. पण त्या आदेशात जे सांगितले होते ते करायला न्यायालयाची वाट पाहावी लागते असे नाही, ते स्वखुशीनेही करता येते. पुढे २४ डिसेंबर २०२२ रोजी ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि मोटार वाहने ही चार क्षेत्रे घेतली आहेत. पोर्टलवर कंपनीचे नाव आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असणे ही चांगली सुरुवात आहे, पण त्या क्रमांकावर फोन केल्यावर “जवळच्या अधिकृत केंद्राशी संपर्क साधा” असे सांगितले गेले, तर माणूस पुन्हा त्याच काउंटरसमोर जाऊन उभा राहतो. ग्राहक व्यवहार विभागाला माझी विनंती आहे की, वाहनांच्या बाबतीत हे पोर्टल कंपन्यांच्या मर्जीवर सोडू नये, त्याला नियमांचे बळ द्यावे.

न्यायाने बोलायचे तर दोष सगळा कंपन्यांचा नाही. टर्बो डिझेलमध्ये कोणत्या प्रतीचे तेल घालायचे हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेले असताना मिळेल ते तेल ओतणारे मालक आहेत. ड्युअल क्लच गिअरबॉक्सची गाडी घाटात आणि रहदारीत कशी चालवावी, हे समजून न घेता ती जाळणारे चालक आहेत. स्कॅनरवर आलेला कोड वाचून त्याच नावाचा सेन्सर डोळे मिटून बदलणारे फिटरही आहेत, त्यांतले काही माझेच विद्यार्थी आहेत आणि त्यांना मी तोंडावर बोलतो. नकली भागांचा सुळसुळाट आहे, आणि ब्रेक पॅड किंवा एअरबॅगसारख्या जागी नकली भाग म्हणजे जिवाशी खेळ आहे, याविषयी दुमत नाही. पण नकली माल फोफावतो तो अस्सल माल मिळत नाही किंवा परवडत नाही तेथेच. आणि चुकीची दुरुस्ती होते ती बरोबर माहिती उपलब्ध नसते तेथेच. ज्या मुलाला वायरिंगचा नकाशाच पाहायला मिळत नाही, त्याने अंदाजाने वायर कापली म्हणून त्याला नावे ठेवण्याचा नैतिक अधिकार नकाशा दडवून ठेवणाऱ्याला नाही.

यात आपलेही नुकसान आहे, ते आपल्या विक्री विभागाला विचारा. युरोपीय गाडीची किंमत पाच वर्षांत इतकी का कोसळते? पुढचा मालक देखभालीच्या खर्चाला घाबरतो म्हणून. ती भीती कमी झाली तर जुन्या गाडीला भाव येईल, आणि जुन्या गाडीला भाव आला की पहिला मालक नवी गाडी घ्यायला कचरणार नाही. आज सोलापुरात कोणी मला विचारले की तुमच्यासारखी गाडी घेऊ का, तर मी गाडीची स्तुती करतो आणि घेऊ नका असे सांगतो. आपल्या जाहिरातींवरचा खर्च अशा उत्तरांमुळे वाया जात असतो.

म्हणून माझ्या आणि माझ्यासारख्या ग्राहकांच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. दहा वर्षांवरील गाड्यांच्या भागांसाठी पूर्ण आगाऊ रक्कम घेण्याची आणि भाग परत न घेण्याची अट मागे घ्यावी. किमान, केंद्रानेच चुकीचा क्रमांक मागवला असेल तर पैसे परत मिळावेत आणि भाग येण्याची अंदाजे तारीख पावतीवर लिहून द्यावी. चेसिस क्रमांक टाकल्यावर भागाचा क्रमांक, छापील किंमत आणि देशातील उपलब्धता दिसेल अशी यादी कंपनीच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली करावी. शीतकरण यंत्रणा, सस्पेन्शनचे बुश, काचांची यंत्रे आणि दिव्यांचे कान या चार ठिकाणी तरी छोटे भाग स्वतंत्रपणे विकावेत. पुरवठादारांना त्यांच्या स्वतःच्या नावाने तोच भाग भारतात विकण्यास कोणतीही आडकाठी करू नये. वायरिंगचे नकाशे आणि दुरुस्तीची माहिती युरोपात ज्या पद्धतीने शुल्क घेऊन दिली जाते, त्याच पद्धतीने येथील गॅरेजना द्यावी, आणि ते शुल्क येथील गॅरेजची कमाई पाहून ठरवावे. मालकीचे कागद तपासून, वाजवी फी घेऊन, वापरलेल्या भागाचे कोडिंग, म्हणजे त्याची गाडीशी ओळख, करून देण्यास अधिकृत केंद्रांनी नकार देऊ नये, आणि पुढे पडताळणी झालेल्या स्वतंत्र गॅरेजलाही ते काम करता यावे. शेवटची मागणी नव्या ग्राहकांसाठी आहे. आज विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर, हे मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षे सुटे भाग पुरवले जातील, हे लेखी द्यावे. कंपनी भारतातून निघून गेली तर ती जबाबदारी कोणाची, हेही त्याच कागदावर असावे, कारण ओपेल आणि फियाट घेतलेल्या लोकांची परवड आम्ही पाहिली आहे.

या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, याचे उत्तर आपण मला व्यक्तिशः पाठवण्याऐवजी जाहीरपणे द्यावे. माझ्या गाडीचे काम कोणा वरिष्ठाच्या फोनने झटपट करून देण्याचा प्रस्ताव कृपया पाठवू नये. तसा एक येऊन गेला आहे आणि तो मी नम्रपणे नाकारला आहे. दुरुस्तीची माहिती खुली केल्यावर ती नीट वापरली जाणार नाही अशी आपल्याला शंका असेल, तर सोलापुरातील गॅरेजचालकांसाठी प्रशिक्षण वर्ग भरवावा. शुल्क भरून यायला तयार असलेल्या मुलांची यादी माझ्याकडे आहे, आणि जागेची, मराठीतून समजावून सांगणाऱ्याची व्यवस्था मी करीन.

कळावे,

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक व गाडीचा दुसरा मालक
जुळे सोलापूर